बाळंतिणींच्या दारात मोतीबाई

मोतीबाई कशेळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतली. कर्जतच्या एका खाजगी दवाखान्यात अकरा वर्षं लादी पुसते. उंची बेताची, आवाज मात्र असा की खालच्या मजल्यावरच्या माणसालाही कळावं, वर कुणाची हजेरी घेतली जातेय.

चार नंबरच्या खोलीत गजा नावाचा, रसायनीच्या कारखान्यातला कामगार होता. पायाची जखम महिनाभर चिघळत होती. नवी डॉक्टरीण अक्षदा हिने सगळ्यांना बोलावून समजावलं होतं, "हा जंतू औषधांना दाद देत नाही. हातावरून, पोच्यावरून दुसऱ्याला लागतो." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विसरले. मोतीबाई विसरली नाही. तिच्या घरी पाण्याच्या हंड्यात कुणी उष्टा पेला बुडवला, तर सासू अख्खा हंडा अंगणात ओतायची, मग ते पाणी डोंगराखालून डोक्यावर आणलेलं का असेना. आणि इथे चार नंबर पुसलेली बादली तशीच बाळंतिणींच्या खोलीत जात होती!

तिने कशेळ्याच्या बाजारातून लाल बादली आणली आणि मुकादमाला बजावलं, "ही चार नंबरची. दुसरीकडे नेलीस तर बघ."

"एका बादलीत भागतंय की," मुकादम वाल्मिक कुरकुरला.

"तुझ्या घरी भागव."

बाळंतिणींच्या खोलीत नंदा होती, सोबतीला तिची सासू सोनाबाई. सिझर होऊन दोनच दिवस झालेले, टाके ओले. त्या सकाळी मोठे डॉक्टर गजाची पट्टी उघडून बघून निघाले ते थेट नंदाच्या खोलीकडे. मोतीबाईने दारात पोचा आडवा धरला.

"डाक्टर, हात धुवा."

"काय?"

"चार नंबरातनं आलात तुमी. पोरीचं टाकं वलं हायेत."

"मला घाई आहे. बाजूला हो."

"मला नाय घाई. मी हाय हितंच."

वाल्मिक धावत आला. "अगं मावशे, कुणाशी बोलतेस? उद्यापासून येऊ नको!"

मोतीबाईच्या हातातला दांडा जरा खाली आला. पण खोलीतून नंदाचं बाळ रडलं, आणि तिने तो पुन्हा घट्ट आडवा धरला. "उद्याचं उद्या बघू. आज पोचा हलायचा नाय."

मोठ्या डॉक्टरांपुढे महिनाभर तोंडातले शब्द गिळणारी अक्षदा पुढे झाली आणि तिने बेसिनचा नळ सोडला. "सर, मावशींचं बरोबर आहे." डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला, पण हात धुतले. कोपरापर्यंत धुतले.

वाल्मिकने शब्द खरा केला. दुसऱ्या दिवशी हजेरीत मोतीबाईचं नाव नव्हतं. तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, लाल बादली मात्र तिथेच ठेवली आणि घरी गेली.

आठव्या दिवशी नंदाला घरी सोडणार होते. टाके कोरडे, बाळ ठणठणीत. मोतीबाईला राहवलं नाही. कशेळ्याहून जीप पकडून ती आली, सरळ वर गेली आणि बाळंतिणींच्या खोलीत पाय टाकणार, तोच समोर पोचा आडवा आला. दारात सोनाबाई उभी होती, कंबरेला पदर खोचून.

"आधी हात धू गं," सोनाबाई म्हणाली. "कुणी का असंना."

मोतीबाईचे डोळे भरून आले. ती मागे फिरली आणि बेसिनचा नळ सोडला.