मला लागलेला पाचवा महिना

मला पाचवा महिना लागला आहे, हे मला गिरणीत कळलं. तांदळाचं पीठ आणायला गेले, तर गिरणीवाल्याच्या बायकोने डबा माझ्या हातातून काढून घेतला. "वैनी, आता वजन नाय उचलायचं तुमी," म्हणाली. घरी येईपर्यंत आणखी दोघींनी हसून माझ्या पोटाकडे पाहिलं. सासूबाई ओटीवर निवांत वाल सोलत बसल्या होत्या. "मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "कदी ना कदी सांगायचंच हाय ना?"

आम्हाला मूल होत नाही, हे एव्हाना चौक गावच्या नाक्यापर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं. पनवेलच्या डॉक्टरांकडे खेटे घालून आम्ही नवराबायको थकलो आणि मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. रीतसर नोंदणी केली. मी कर्जतची, मास्तरांच्या घरातली. या शेतकऱ्याच्या घरात आता आकांडतांडव होणार, अशी मनाची तयारी करून बसले होते. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "लहान देतात ना गं? अगदी इवलंसं?" मी हो म्हणाले. त्यांचा बेत तेव्हाच शिजला असणार. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीतच आहे. मला दिवस गेल्याचं गावात सांगायचं, सातव्यात मला कर्जतला धाडायचं, बाळ मिळालं की तिथूनच घेऊन यायचं आणि दणक्यात बारसं करायचं. आमच्या आधी कितीतरी जोडपी वाट बघत होती, मूल कधी मिळेल याचा काही भरवसा नव्हता, पण सासूबाईंनी परस्पर नऊ महिने ठरवून टाकले होते.

माझं डोकं सणकलं. नवरा म्हणाला, "होऊ दे ना गं, म्हातारीचं समाधान." हा माणूस कंपनीत साहेबाशी भांडतो आणि आईपुढे मिठाची गुळणी धरतो. पण खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात शेजारून कैरीच्या लोणच्याची वाटी आली, तेव्हा मी ती दारामागे उभी राहून बोटाने चाटून संपवली. इतक्या वर्षांत माझ्यासाठी म्हणून कुणी आंबट काही पाठवलं नव्हतं.

मग गृहभेटीचा दिवस आला. दत्तक संस्थेच्या समाजसेविका आमचं घर बघायला, माणसं बघायला येणार होत्या. त्यांचा अहवाल गेल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. नवऱ्याने रजा काढली होती, मी पडदेसुद्धा धुतले होते. बाई रिक्षातून उतरल्या आणि त्यांनी पत्ता विचारला तो नेमका आमच्या चुलत सासूबाईंना. बॅग बघून काकींना त्या नर्स वाटल्या आणि काकींनी त्यांना दारापर्यंत आणून सोडलं.

"बाई, नीट तपासा हो हिला," काकी उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "पाचवा लागलाय, पन पोट काय दिसत नाय."

समाजसेविकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही गरोदर आहात?"

नवरा पंख्याकडे बघत होता. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मान अगदी बारीक हलवत होत्या, खरं सांगू नको म्हणून. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. नाही म्हटलं तर काकींसमोर सासूबाई खोट्या पडणार होत्या.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही मूल दत्तक घेतोय."

काकींनी पदर तोंडाला लावला आणि त्या आल्या पावली गेल्या. संध्याकाळच्या आत गावभर होणार, हे आम्हाला तिघांनाही कळलं.

समाजसेविका रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सासूबाईंना समजावत राहिल्या, की मुलाला पहिल्यापासून खरं सांगायचं असतं. बाहेरून कळलं तर ते तुमच्या कुणावरच विश्वास ठेवणार नाही. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. जाताना बाई म्हणाल्या, "मी परत येईन. तोवर आपसात बोला. अहवाल मग लिहू." चहा तसाच राहिला.

त्या गेल्यावर मी सासूबाईंवर तुटून पडले. तुमच्या त्या इभ्रतीपायी माझं मूल जाईल, म्हणाले. अजून न आलेल्या मुलाला मी माझं म्हटलं, हे माझ्याही लक्षात आलं नाही.

"इभ्रतीचं काय घेऊन बसलीस?" त्या म्हणाल्या. "तुला काय बोलायचं ते लोकांचं बोलून झालंय. आता त्या पोराला बोलतील. शाळेत बोलतील, लग्नात बोलतील. त्याला कोन वाचवनार गं?"

"खरं ठाऊक असेल तर ते स्वतःच उत्तर देईल."

"कोन सांगनार त्याला?"

"मी सांगेन."

 सासूबाई पाटावरून उठल्या, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. "सांग मंग. मीच ते पोर हाय समज."

चेष्टा करताहेत असं वाटलं, पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. मी सुरुवात केली. म्हटलं, बाळा, तू माझ्या पोटातून नाही आलास. तू दुसऱ्या एका आईच्या पोटातून आलास, आणि मग आम्ही तुला घरी आणलं. आम्हाला तू खूप हवा होतास. आवाज बरा लागला होता, मला थोडा धीरही आला.

"मंग ती आई कुटं हाय?" सासूबाईंनी विचारलं. "तिनं मला का नाय ठेवलं?"

मी तोंड उघडलं. नवरा दारात येऊन उभा राहिला होता. मला रडू फुटलं, हुंदके आवरेनात. सासूबाई उठल्या नाहीत, त्यांनी माझ्या पाठीवर हातही फिरवला नाही. तशाच मांडी घालून माझ्या तोंडाकडे बघत त्या उत्तराची वाट पाहत बसल्या.