शास्त्रज्ञाच्या बायकोची ओळ

मलकापूरच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांना गाण्याचं वेड होतं, आणि त्यांच्या वेडापायी पेटी वाजवायला सापडलो मी. महाराष्ट्र नवानवा होता, जो तो विज्ञानाचं बोलायचा. सरांनी एका शास्त्रज्ञावर समूहगान रचलं. शोधासाठी घरदार सोडणारा माणूस, आणि सगळं यमनात! गायला कोण, तर कापसाचे दलाल, दोन मास्तर आणि एक शिंपी.

"मले नको सुखाचा वारा," असं मंडळी गायली, की सर टेबलावर डस्टर आपटायचे. "मले नाही, मला! पुन्हा पहिल्यापासून." शाळेमागून मालगाडी गेली तरी पहिल्यापासून, तिची शिट्टी म्हणे यमनात बसत नाही. माझी बोटं भरून यायची, शिंप्याकडचे कपडे शिवायचे राहायचे. सरांना त्याचं काय!

शास्त्रज्ञाच्या बायकोला शेवटी एकच ओळ होती, 'तुम्ही जा, घर मी सांभाळते.' ती गायला गावात बाई मिळेना. एका संध्याकाळी सरांची बायको त्यांचा डबा घेऊन तालमीत आली, तर सर तिलाच म्हणाले, "एवढी ओळ तूच म्हण."

तिनं डबा माझ्या पेटीवर टेकवला. "थे तं मी घरी रोजच म्हणून राह्यली. इथं काऊन म्हणू?"

आणि ती निघून गेली. आम्ही सगळे डस्टरकडे बघत राहिलो. सरांनी ते हातात घेतलं, पण आपटलं नाही.

कार्यक्रमात त्या ओळीला नुसती पेटी वाजली.