घराला एक मुखवटा

आमच्या मुखवट्याला मिशी होती. गोरापान, गुलाबी ओठांचा, प्लास्टिकचा माणूस, आणि त्याला ही दाट काळी मिशी! असा माणूस आमच्या अख्ख्या तालुक्यात शोधून सापडला नसता. तो डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा, म्हणजे मागून येणाऱ्या वाघाला वाटावं की हा माणूस आपल्याकडेच बघतोय. वाघ मागून धरतो, तोंड दिसलं की बिचकतो, असं आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी वर्गात समजावून सांगितलं होतं. वनखात्यानं गावात मुखवटे वाटले तेव्हा घराला एक आला. जंगलाच्या कामाला जाणाऱ्या माणसासाठी होता तो. पण दहावीतली पोर रोज सायकलनं जंगलातूनच शाळेत जाते म्हटल्यावर बहुतेक घरांत तो पोरांच्याच डोक्यावर चढला.

शहरातली माणसं मला अजून विचारतात, तुमच्याकडे वाघ दिसतो का हो? विचारताना डोळे चमकतात त्यांचे. जीव जळतो माझा. दिसतो म्हणावं, सायकलवरून चांगला दिसतो.

हिवाळ्यात दहावीचे जादा तास सकाळीच सुरू व्हायचे आणि एसटी यायची उन्हं वर आल्यावर. म्हणून धुक्यातच निघावं लागायचं. गावाच्या शेवटाला मोहाचं झाड होतं, तिथं सगळ्यांनी जमायचं आणि सगळे आल्याशिवाय कोणीच निघायचं नाही, हा आमचा नियम. कानाला मफलर, हातात मोजे नाहीत, बोटं हँडलला चिकटायची. जंगल लागलं की घंट्या वाजवायच्या आणि मोठ्यानं ओरडायचं. नुसतं ओरडून काय करायचं, म्हणून आम्ही अभ्यासच ओरडायचो. व्याख्या, सूत्रं, सनावळ्या. पायथागोरसचं प्रमेय त्या वाटेवरच्या वाघाला आमच्यातल्या काही पोट्ट्यांपेक्षा नक्की चांगलं येत असेल.

वाघावरून वर्गात भांडणं व्हायची ती वेगळीच. एक पोट्टा होता, तोंडाचा फटकळ, त्याला सफारीच्या जिप्सीवर ड्रायव्हर व्हायचं होतं. तो म्हणायचा, "वाघ हाये म्हणून आपल्याले कोनी इचारते. नाई तं कोन येते इथी?" मी म्हणायचे, आमच्यासारखी तुझी गाय नेली असती म्हणजे कळलं असतं. निबंधात मात्र मी 'वाघ वाचवा' हेच लिहायचे, मार्क पडतात म्हणून. आणि माझी मैत्रीण, आमच्यातली गणितात सगळ्यात हुशार, ती दोघांनाही गप्प करायची. "वाघ आपल्याले इचारून येते का? तास सुरू झाला, बसा गप." तिला नर्सिंगला जायचं होतं. तिच्या मायलाही तेच पाहिजे होतं. गावातली पहिली नर्स आपल्या घरची होणार, हे ती बाई नळावरसुद्धा सांगायची.

मैत्रिणीच्या मुखवट्याचं इलॅस्टिक पहिल्याच आठवड्यात तुटलं होतं. मायनं त्याला जुन्या लुगड्याचा लाल काठ शिवला. रोज सकाळी ती स्वतः तिच्या मागं उभी राहून तो बांधायची, ओढून बघायची, आणि वर म्हणायची, "जाय बाप्पा आता, तुह्या मांगं मानूस हाये." आम्ही हसायचो. मैत्रिणीची वेणी त्या मिशीवाल्याच्या हनुवटीखालून दाढीसारखी लोंबायची.

धान कापून झालं होतं. कापलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पेरलेली लाखोळीची डाळ हिरवीगार उभी होती. आमच्याकडे हिवाळ्यात लाखोळीचे शेंडे खुडून भाजी करतात. मैत्रिणीच्या डब्यात ती असली की आमचे हात आधी तिच्या डब्यात. त्या सकाळी तिची माय दुसऱ्या बायांबरोबर भाजी खुडायला गेली. शेत जंगलाला लागून. भाजी बसून, वाकून खुडावी लागते. वाघ बांधाच्या पाळीआडून आला आणि त्यानं तिच्या मायलाच मागून धरलं. बाकीच्या बायांनी आरडाओरडा केला, ढेकळं मारली, तो सोडून गेला, पण तोवर उशीर झाला होता.

आम्ही भूगोलाच्या तासाला होतो. सरांना फोन आला, ते बाहेर गेले, आत आले आणि तिला नुसतं "दप्तर घे" म्हणाले. मुखवटा तिच्या दप्तराच्या पट्ट्याला अडकवलेला होता. तो तसाच लोंबत ती मोटरसायकलवर बसून गेली.

तेरवी होईपर्यंत आम्ही रोज कोणी ना कोणी तिच्याकडे जायचो. ती रडत नव्हती. चुलीपाशी बसून राहायची. एकदा मी जवळ बसले तर हळूच म्हणाली, "मुखोटा माह्या डोक्शावर होता."

बस, एवढंच. पण त्यातच सगळं होतं. घराला एक मुखवटा, आणि तो तिच्याकडे. त्या दिवसापासून ती शाळेचं नावच काढीना. तिचा बाप भला माणूस. तो म्हणाला, "मी नाई म्हनत नाई बाई. थे जाते म्हनन तं आजच पाठवतो. पन थेच नाई म्हनते. आता घरी एकटी कशी ठेवू? आरमोरीकडं मामा हाये तिचा, तिकडं नेऊन देतो." मामाकडे गेली की दहावी गेली, नर्सिंग गेलं, आणि वर्ष-दोन वर्षांत तिचं लग्न लागणार, हे न कळण्याइतके आम्ही लहान नव्हतो.

आम्ही मॅडमना गळ घातली. त्या बिचाऱ्या तिच्या घरी आल्या, खाली गोणपाटावर बसल्या. म्हणाल्या, "अगं, वाकलेल्या माणसाला मुखवट्याचा काय उपयोग? त्याचं तोंड आभाळाकडे होतं. वाघाला ते दिसलंच नसतं. तुझ्या आईजवळ असता तरी हेच झालं असतं." इतकं स्वच्छ बोलल्या. माझ्या तर मनावरचा दगड उतरला. मैत्रीण म्हणाली, "हो मॅडम." आणि चुलीत काडी सारली. तिचं 'हो' कसलं आहे ते मला लगेच कळलं. प्राणच नव्हता त्यात.

मग त्या फटकळ पोट्ट्यानंच युक्ती काढली. मोहाच्या झाडाखाली सगळ्यांना उभं करून तो म्हणाला, "बोलून काई होत नाई. आपन सारेच मुखोटे काढून टाकू. बिना मुखोट्याचे रोज जाऊ, रोज येऊ. आपल्याले काई होत नाई हे तिले दिसन, तं तिले पटन का मुखोटा कामाचा नाई." कोणी तरी म्हणालं, आणि झालं काही तर? तो म्हणाला, "तं मी सगळ्याच्या मांगं राहीन." त्याचे ओठ पांढरे पडले होते हे मी पाहिलं. आजवर त्याच्याबद्दल मी जे काही वाकडं बोलले होते ते त्या क्षणी परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुखवटे घरी राहिले. बाप रे, ती सकाळ! मानेवर थंडी नव्हे, डोळे टेकलेत असं वाटायचं. कोणाचीच व्याख्या पूर्ण होईना. मध्येच कोणी मागं वळायचं आणि सायकली एकमेकींवर आदळायच्या. पण आम्ही गेलो, आलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. घरी माझ्या मायनं खुंटीवरचा मुखवटा पाहिला आणि कडाडली, "हे इथी काऊन?" मी म्हटलं, विसरते. तिनं एक धपाटा घातला. पण तिसऱ्या दिवशीही तो खुंटीवरच दिसला तेव्हा ती काही बोलली नाही. तो स्वतःच्या डोक्याला बांधला, विळा घेतला आणि शेतात निघून गेली. मी त्याचा काही विचारही केला नाही. मला आमच्या युक्तीचीच घाई होती.

मैत्रिणीला मी रोज सांगायचे. आज गेलो, काही झालं नाही. आजही गेलो. ती नुसती ऐकायची. आणि एका सकाळी ती मोहाच्या झाडाखाली आली! युनिफॉर्म घातलेला, केस विंचरलेले, दप्तर, सायकल. मला इतका आनंद झाला की मी सायकल टाकूनच पळाले. तिनं आमच्या डोक्यांकडे पाहिलं, एकेकाच्या मागं जाऊन पाहिलं.

"खरंच काढले काय गा?" तिनं त्या पोट्ट्याला विचारलं.

"फेकून देला," तो छाती काढून म्हणाला. "पलास्टिक हाये ते. काई कामाचं नाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू बी फेकला?"

माझ्यानं तिच्याशी खोटं बोलवेना. "घरी हाये," मी म्हटलं.

"मंग कोन घालते?"

मी म्हटलं, "माय घालते. वावरात जातानी."

तिनं मग बाकीच्यांकडे पाहिलं. एकेकाची मान खाली गेली. त्या पोट्ट्याचीसुद्धा. त्याच्याही मायच्या डोक्यावर तो त्या वेळी असणार, हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं.

"बरं केलं तुमी," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी मनापासून. "आता तुमच्या मायांजवळ राहते तो. मले हे सुचलंच नाई."

मला ओरडून सांगायचं होतं की नाही गं, तसं नाही, आम्ही तर तुला हेच पटवायला निघालो होतो की त्याचा काही उपयोग नाही! पण कुठल्या तोंडानं सांगणार? आमच्या घरोघरच्या बाया तो बांधून गेल्या होत्या.

तिनं दप्तर उघडलं, लाल काठाचा तो मुखवटा काढला आणि माझ्या हातात दिला. "हा तू घाल. घरी एक, तुह्याजवळ एक. बाप त्याले हातबी लावत नाई, आमच्या घरी आता घालनारं कोनी नाई." मग सायकल वळवली आणि गावाकडे निघाली. मी हाका मारल्या. ती थांबली नाही. ती पुन्हा शाळेत आली नाही, परीक्षेलाही नाही. पुढच्याच बाजाराच्या दिवशी बापानं तिला मामाकडे पोहोचवलं.

तास बुडत होता म्हणून आम्ही निघालो. जंगल लागलं तेव्हा सगळ्यात मागून तो पोट्टा म्हणाला, "बांध तो. तिनं देला हाये." मी सायकल न थांबवता एका हातानं तो डोक्याला लावला, पण गाठ मला मारता येईना. ती नेहमी मागून दुसऱ्यानंच मारायची असते. शाळा येईपर्यंत मी तो हातानं धरून ठेवला, आणि त्या दिवशी आमच्यापैकी कोणीच काही ओरडलं नाही.