नांगराला जुंपलेला मदरबोर्ड

माझे थोरले काका कधी शाळेत गेले नाहीत, पण जामसरपासून मोखाड्यापर्यंत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी काकांना बोलावणं यायचं. काका बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे, शेपटी पिळायचे आणि शेवटी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचे, "खोड काय?" विकणारा म्हणाला, "काहीच नाही, अगदी गरीब आहे," की काका छत्री उचलून चालायला लागायचे. बैलाला खोड नाही असं सांगणारा एक तर खोटं बोलतो, नाहीतर त्यानं तो बैल कधी जुंपलेलाच नसतो, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाला मी नाशिकला मदरबोर्ड घ्यायला घेऊन गेले होते. हसू नका, अजून पुढे ऐका.

तेव्हा जव्हारला माझा कॉम्प्युटर क्लास होता. भातगिरणीला लागून पत्र्याची लांबट खोली, दहा कॉम्प्युटर आणि दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. सरकारनं शिक्षकांना आणि कारकुनांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची केली होती, पास व्हा नाहीतर पगारवाढ विसरा. त्यामुळे ज्यांनी मला अ आ इ शिकवलं ते गुरुजी आता माझ्यापुढे माउस धरून बसलेले. टेबल संपलं की ते माउस उचलून हवेत फिरवायचे. एक गुरुजी तर त्याला "चल, चल की रे" म्हणून हाकायचे. मी तापट, जिभेला हाड नसलेली, पण यांच्यावर ओरडणार कशी? लहानपणी यांच्याच हातचे धपाटे खाल्ले होते.

सगळं छान चाललं होतं, आणि त्या वर्षी माझे कॉम्प्युटर एकामागून एक मरायला लागले. काल संध्याकाळी धडधाकट असलेला डबा आज सकाळी उघडावा तर आतून करपल्याचा वास. दर वेळी मदरबोर्ड गेलेला. त्यातला एक तर माझ्या बाबांच्या हाताखाली गेला, आणि तेही भर परीक्षेत; परीक्षेचं केंद्रही माझाच क्लास.

बाबा मोखाड्याच्या पलीकडे एका पाड्यावर प्राथमिक शिक्षक होते. आठवडाभर तिथेच राहायचे, शनिवारी घरी यायचे. काका शेतात राबले म्हणून बाबा शिकले. हे काका कधी बोलून दाखवायचे नाहीत आणि बाबा कधी विसरायचे नाहीत. काका त्यांना चिडवायला 'मास्तर' म्हणायचे आणि बाबा त्यांना 'दादा'. बाबांचा हातगुण चांगला अशी सगळ्या पाड्यांवर ख्याती होती. पोराला शाळेत घालण्याआधी आयाबाया बाबांकडे घेऊन यायच्या, "गुरुजी, पहिलं अक्षर तुमीच काढून घ्या, मंग पोरगं अडत नाय." बाबा पोराचा हात हातात धरून पाटीवर श्री काढायचे. त्यांना त्याचा किती अभिमान होता ते मला ठाऊक होतं.

त्या दिवशी परीक्षेत वीस मिनिटं झाली असतील. बाबांनी बोटानं एन्टर दाबलं आणि पडदा काळा. करपल्याचा वास सुटला, सगळ्यांनी माना वळवल्या. वळवणाऱ्यांत त्यांचेच दोन जुने विद्यार्थी होते, आता तेही शिक्षक. बाबांनी तव्यावर चटका बसावा तसं बोट मागे घेतलं. तेव्हाचा नियम असा की परीक्षा मध्येच तुटली की नापास. घरी येऊन बाबा एवढंच म्हणाले, "माझ्या हातानं मेलं ते मशीन. काहीतरी भलतंच दाबलं मी." मी शंभरदा सांगितलं की एन्टर दाबून कॉम्प्युटर मरत नसतो. ते मान हलवायचे, पण पटलेलं नसायचं. त्यानंतर ते क्लासमध्ये आले तर हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. पाड्यावरच्या एका आईलाही त्यांनी "दुसऱ्या गुरुजींकडून काढून घ्या श्री" असं सांगितल्याचं मला कळलं, आणि मला रडू आलं.

पुढची परीक्षा फेब्रुवारीत होती. बाबा म्हणाले, "एकदा बसेन. परत नाही." निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. पगारवाढ गेली चुलीत, पण हा माणूस आपल्या हाताला पनवती समजून निवृत्त होणार, हे मला सहन होईना. आणि माझ्याकडे दहापैकी चारच कॉम्प्युटर जिवंत उरले होते. परीक्षेला दहा चालू दाखवले नाहीत तर केंद्रच रद्द.

म्हणजे सहा मदरबोर्ड हवे होते. आमचं जुनं मॉडेल कंपनीनं बंद केलेलं. ते हवं तर कुठल्या तरी मोडीत काढलेल्या मशीनमधून उपसलेलं घ्यायचं. नाहीतर नुकतंच बाजारात आलेलं नवं मॉडेल. नाशिकचा दुकानदार फोनवर म्हणाला, "ताई, नवं एकदम फास्ट आहे. पण खोटं नाही बोलणार, तक्रारी येतायत. चालता चालता मध्येच बंद पडतं." क्लासमध्ये इंटरनेट नव्हतं, म्हणून दुसऱ्या कामाला नाशिकला गेले तेव्हा सायबर कॅफेत तासभर बसून वाचलं, तर जगभरातले लोक त्या बोर्डाच्या नावानं बोटं मोडत होते. कुणी म्हणे गरम होतं म्हणून बंद पडतं, कुणी म्हणे नशीब. पंधरा पानं छापून घेऊन आले आणि काकांना वाचून दाखवली. दुसरं होतं कोण ऐकायला?

काका नागली पाखडत बसले होते. म्हणाले, "बसतो म्हणतात. पण कुठं बसतो? चढाला बसतो, का चिखलात बसतो, का ऊन लागलं की बसतो?"

"ते कुणीच लिहिलेलं नाही."

"मग त्यांनी बैल बघितलाच नाय. नुसते बोंबलतात."

"काका, हा बैल नाही."

"काम करतो ना? थकतो ना? मग?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "कधी जायचं नाशिकला?"

एसटीनं मोखाडा, त्र्यंबक करत आम्ही गेलो. काकांनी बैलबाजाराचा ठेवणीतला सदरा घातला होता. दुकानदारानं आधी जुना, काढलेला बोर्ड पुढे ठेवला. "याची काही तक्रार नाही." काकांनी माझ्याकडे बघून नुसती भुवई उचलली. मग नवा आला, चकचकीत, खोक्यात. "याच्या तक्रारी आहेत, आजोबा. मी आधीच सांगतो."

काका खूश. "हा माणूस बरा," ते मला मोठ्यानं म्हणाले, दुकानदाराला ऐकू जाईल असं. मग त्यांनी आमच्याकडची रीत सांगितली. बैल घ्यायच्या आधी आठ दिवस घरी नेतात, आपल्या नांगराला, आपल्या उतारावर जुंपून बघतात. सपाटीवर वाढलेला बैल आमच्या डोंगराला पाय टाकील की नाही, हे बाजारात कळत नाही. दुकानदार हसला, पण एक बोर्ड आठ दिवसांच्या बोलीवर दिला. येताना गाडीत काका तो खोका मांडीवर धरून बसले होते.

मी तो एका रिकाम्या डब्यात बसवला. काका दुसऱ्या दिवशी सकाळीच शिदोरी घेऊन हजर! त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसले, डब्याच्या पाठीवर हात ठेवून. "काम द्या त्याला. रिकामा बैल कशाला बसेल?" म्हणून मी गुरुजी लोकांना पाळीपाळीनं त्यावर टाइप करायला बसवलं. पहिल्या दिवशी तो तीनदा बंद पडला. परत चालू केला की काही झालंच नाही असा चालायचा. काका दर वेळी भिंतीवर खडूनं एक रेघ मारायचे आणि दाराबाहेर जाऊन आकाशाकडे बघून यायचे. गुरुजींची हसून हसून पुरेवाट.

"गरमीनंच होतंय," मी म्हटलं. "लोकांनी लिहिलंय तसं."

"सकाळी थंडीत बसला. दुपारी पत्रा तापला तेव्हा तासभर चालला. कुठली गरमी?"

तिसऱ्या दिवशी काका एकदम ताडकन उठले. "दिवा बघ! दिवा पिवळा होतो, आणि हा बसतो." ते तसेच शेजारच्या गिरणीत शिरले. गिरणीवाला त्यांच्या ओळखीचा, त्याचा बैल काकांनीच घेऊन दिलेला. मी दारात उभी. काकांनी हात वर केला, त्यानं मोटर बंद केली. हात खाली, मोटर सुरू. आमच्या खोलीतला दिवा पिवळा पडला आणि नवा कॉम्प्युटर फट् करून बंद. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा बसला. "सापडला!" काका असे ओरडले की भात घेऊन आलेल्या बायका दचकल्या.

मला मात्र धडकी भरली. "म्हणजे हा घ्यायचा नाही. गिरणी सुरू झाली की हा बंद, आणि बाबा परत नापास."

"घ्यायचा."

"काका, वेड लागलंय का? जुने चार बघा, दिवा पिवळा झाला तरी चालतायत!"

"चालतायत," काका म्हणाले, "आणि एके दिवशी मरतायत. सहा मेले ना? हा ओढ बसली की खाली बसतो. जुने बसत नव्हते गं बाय, मरेपर्यंत ओढत होते. बसणारा बैल मी घेतो, त्याला पुन्हा उठवता येतं. न बसता मरणारा नको." वर म्हणाले, "खोड कळली की बैल आपला झाला."

आम्ही कचाकचा भांडलो. रागानं मी दोन दिवस काकांशी बोलले नाही. पण मेलेले सहा डबे रोज डोळ्यांसमोर होते, आणि काकांचं म्हणणं काही केल्या खोडता येईना. तिसऱ्या दिवशी फोन करून आणखी पाच मागवले. व्होल्टेज सांभाळायला मोठा स्टॅबिलायझरही सांगितला, पण तो काही परीक्षेच्या आधी आलाच नाही.

परीक्षा नेमकी बाजाराच्या दिवशी आली. दाभोशाकडच्या जीपगाड्या भरून आलेल्या, गिरणीपुढे भाताच्या पाट्यांची रांग. मी बाबांना जुन्या कॉम्प्युटरवर बसवणार होते, काका म्हणाले, "नव्यावर बसव." आणि स्वतः गिरणीच्या दारात आडवी काठी टाकून बसले. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. हात धोतराला तीनदा पुसून ते कीबोर्डसमोर बसले.

तो तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. भिंतीपलीकडून काकांचा आवाज येत होता. ते बायकांना एका मारक्या बैलाची गोष्ट सांगत होते, आणि गोष्ट काही केल्या संपत नव्हती. एक बाई चिडली, "तुमच्या भावाची परीक्षा, आन आमचा भात का अडला? जीप जाईल ना!" काका म्हणाले, "जीपवाल्याला मी सांगितलंय माय, तो थांबतो. बैल पुढं काय करतो ते तर ऐक." बाई हसली आणि बसली. दिवा पिवळा झाला नाही. बाबा एका बोटानं टाइप करत होते, ओठ घट्ट मिटून.

परीक्षा संपली की निकाल लगेच पडद्यावर यायचा. बाबांनी शेवटचं बटण दाबलं, डोळे मिटले, उघडले. पास! मागच्या टेबलांवर परीक्षेला बसलेले त्यांचे जुने विद्यार्थी टाळ्या वाजवायला लागले. बाबा उठून दारात आले. मला म्हणाले, "बंद नाही पडला गं."

काकांनी बाहेरून विचारलं, "झालं का सगळ्यांचं?" मी मान हलवली. त्यांनी काठी उचलली आणि गिरणीवाल्याला खूण केली.

मोटर धडधडली. खोलीतला दिवा पिवळा पडला आणि सहाच्या सहा नवे कॉम्प्युटर फट् करून बंद. बाबा गर्रकन वळले, दोन्ही हात वर करून ओरडले, "मी हात नाही लावला! मी काही दाबलं नाही!"

कुणी हसलं नाही. बाबा तसेच हात वर धरून उभे. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग पिवळ्या दिव्याकडे, मग धडधडणाऱ्या गिरणीकडे.

"म्हणजे मागच्या वेळी..." ते म्हणाले.

"तू नव्हतास रे, मास्तर," काका म्हणाले. "ही गिरणी होती."

बाबांनी हात खाली घेतले. मोटरनं वेग घेतला, दिवा परत पांढरा झाला. मग बाबा आत गेले आणि पहिल्या टेबलापासून सुरुवात करून, एकेक करत, सहाही कॉम्प्युटर त्यांनी आपल्या हातानं चालू केले.