यशोदाअक्कांनी गोळ्यांची वाटणी केली

जळगावच्या मेहरूण भागात यशोदाअक्कांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. त्यामुळे मला बातम्या आणायला कुठे जावं लागत नाही, त्याच चालत येतात. अक्कांना मात्र वर्षभर धड चालता येत नव्हतं. गुडघे! आणि नात दीपमालाचं लग्न तोंडावर. अक्कांचा हट्ट एकच: लग्नाचे पुरणाचे मांडे मातीच्या खापरावर मीच टाकणार, तेही चुलीपुढे खाली बसून. नाहीतर ती जागा त्याच घरातली धाकटी जाऊ सुगंधाबाई बळकावणार. गुडघे तिचेही गेलेले, पण हौस शाबूत.

अशात शहरातल्या एका दवाखान्यात गुडघ्यांच्या नव्या औषधाची चाचणी निघाली. दोघी एकाच रिक्षातून, एकमेकींशी न बोलता गेल्या. डॉक्टर योगराज यांनी समजावलं, "काहींना औषध मिळेल, काहींना तशीच दिसणारी, पण कोरी गोळी. औषध मिळालं या नुसत्या भरवशानंही दुखणं उतरतं. तो भरवसा वजा केला, की औषधाचा स्वतःचा गुण किती ते कळेल."

दोघींना एकेक बाटली मिळाली. अक्कांना घोर लागला: एकीची खरी आणि एकीची कोरी निघाली तर? ज्या घरात आंब्याच्या फोडीसुद्धा सारख्या वाटतात, तिथे औषध एकीलाच? आपल्याला गुण आला तर लोक म्हणतील, मोठीनं लाटलं. सुगंधाला आला तर... ते तर बोलूच नका! त्यांनी दोन्ही बाटल्या शेवेच्या डब्यात ओतल्या, डबा हलवला आणि रोज त्यातूनच दोघींना गोळी.

तपासणीला अक्कांनी डॉक्टरांपुढे तो डबाच ठेवला.

"यातली कोणाची कोणती, अक्का?"

"बठ्ठ्या एकमा शेत, भाऊ. आमना घरमा दुजाभाव नई."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "सगळ्या एकत्र? आता दोघींना चाचणीतून वगळावं लागेल. कोणी काय खाल्लं, कसं कळणार?"

"आधी तुले माहीत व्हतं का?"

"नाही, ते मलाही सांगत नाहीत."

"मंग मन्ह काय चुकनं?"

"अहो, आमच्यात कुठेतरी कोणाला तरी माहीत असतं. तुमच्या डब्याला तेही नाही!"

लग्नाच्या आदल्या दिवशी अक्का खरंच चुलीपुढे बसल्या. सुगंधाबाई खुर्चीवरून पुरणाचे गोळे पुरवत, खुसपटं काढत राहिली. शेवटचा मांडा उतरला, अक्का उठायला गेल्या आणि तिथेच रुतल्या. मी आणि त्यांचा मुलगा प्रकाश, आम्ही दोन्ही दंडांना धरून त्यांना उपसलं.

"काय अक्का, औषधाला गुण नाही वाटतं?" मी विचारलं.

"शे ना गुण! बठनू ते औषधनी गोयीवर. उठाना येळले कोरी लागू पडनी."