बंद स्क्रीनवरचं काम

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात खिडकीपासून सर्वांत लांबचं टेबल ताईंचं. खिडक्या बाकीच्यांनी वाटून घेतल्या होत्या. ताईंना उजेडाशी कर्तव्य नव्हतं. चोविसाव्या वर्षी दृष्टी गेली, दोन वर्षं घरात भिंतीला टेकून गेली, मग स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर शिकून त्या इथे लागल्या. त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

डाव्या कानात डॉक्टरांनी रेकॉर्ड करून ठेवलेला मजकूर, उजव्या कानात ताईंनी टाइप केलेलं वाचणारा कॉम्प्युटर. त्याचा वेग त्यांनी इतका वाढवला होता, की आई एकदा ऐकून म्हणाली होती, "अगं, एवढ्या घाईने याला जायचंय तरी कुठे?" स्क्रीन मात्र त्या लावतच नसत. आपल्यापुरता दिवा कशाला जाळायचा?

नवे साहेब रुजू झाले आणि तिसऱ्याच दिवशी टेबलापाशी थांबले.

"बाई, कॉम्प्युटर बिघडलाय का?"

"नाही साहेब, चालू आहे."

"मला तर नुसतं काळं दिसतंय."

"मलाही," ताई म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावरच्या फायलीवाल्या काकांनी हसू खोकल्यात दडवलं. साहेबांना गंमत रुचली नाही.

"मी मघापासून दोनदा पाहून गेलो. दोन्ही वेळा हात मांडीवर. आज पत्र काढतो. उद्यापासून दाराशी बसा, आल्यागेल्याला वाट सांगा."

दाराशी खुर्ची म्हणजे पगार तोच, पण पुन्हा कुणी काम म्हणून सांगायचं नाही. ताईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि इअरफोनची वायर कॉम्प्युटरमधून काढली, म्हणजे आवाज बाहेर येईल.

"हात थांबले, कारण डॉक्टर बोलताना घसरलेत. ऐका."

रेकॉर्डिंगमध्ये डॉक्टर आधी म्हणत होते, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. शेवटी घरी करायचा व्यायाम मात्र डाव्या गुडघ्याचा.

"तीनदा ऐकलं मी. टाइप काय, दोन्ही केलं असतं. पण पेशंट घरी जाऊन कुठला पाय हलवेल?"

साहेबांनी तिथूनच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, डावाच, बोलताना चुकलो. ताईंनी शब्द बदलला, कॉम्प्युटरने ओळ भरभर वाचून दाखवली. साहेबांना अक्षरही कळलं नाही.

"हे कळतं तुम्हाला?"

"कळतं. माणसांचं बोलणंच हळू वाटतं आता."

पत्र निघालं नाही. आपलं चुकलं असंही साहेब म्हणाले नाहीत. जाता जाता साहेब एवढंच म्हणाले, "पण स्क्रीन लावत जा. वरचं कुणी आलं तर बरं दिसत नाही."

"लावते की."

पावलं लांब गेल्यावर ताईंनी विचारलं, "काका, साहेबांची केबिन कुठल्या बाजूला?"

"तुमच्या समोरच. काचेची आहे."

"मग या स्क्रीनचं तोंड तिकडे करून द्या. बघणारे तिकडे बसतात."

वायर पुरेना, म्हणून काकांनी टेबलच वीतभर सरकवलं. ताईंनी बटण चाचपून स्क्रीन लावली आणि पुढचं रेकॉर्डिंग सुरू केलं.