ताईची ऑर्डर आणि माझा हिशेब

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते, अर्थशास्त्र घेतलं होतं. अर्थशास्त्र शिकणाऱ्याला पैशाचं सगळंच कळतं, असा घरच्यांचा समज होता. मी तो खोडून काढला नाही, हे आधीच सांगून टाकते.

ताई नर्स होती. नागपुरातल्या सदर भागातले एक डॉक्टर तिला पेशंटांच्या घरी पाठवायचे. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, रोजाचे बारा रुपये. पेशंट असेपर्यंत काम. मग पुढचा निरोप येईपर्यंत घरी. एका बुधवारी पोस्टानं तिची सरकारी ऑर्डर आली. पारशिवनीच्या दवाखान्यात कायमची जागा, महिना दोनशे ऐंशी, राहायला एक खोली. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

बाबा गिरणीत कामाला होते. ते मला म्हणाले, "तूच लिहून काढ वं, कोणतं बरं ते. आमचं डोकं नाही चालत."

मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे रोजाचं काम, उजवीकडे पक्की नोकरी. बारा गुणिले तीस, तीनशे साठ. उजवीकडे दोनशे ऐंशी. त्याखाली 'रजा' आणि 'पेन्शन' असंही लिहिलं, पण त्यांच्यापुढं कोणता आकडा मांडायचा ते मला कळेना, म्हणून जागा कोरीच ठेवली. तीनशे साठच्या खाली मात्र लाल शाईनं दोन रेघा ओढल्या.

वहीत न लिहिलेलीही एक गोष्ट होती. माझी फी ताई भरायची. ती पारशिवनीला गेली, तिथं वेगळी चूल मांडली, तर माझ्यासाठी काय उरणार? आमच्या गल्लीतल्या दोन मुलींचं शिक्षण याहून लहान कारणानं सुटलं होतं. मी मुद्दाम चुकीचं लिहिलं असं मला आजही वाटत नाही. पण कुठली बाजू जड व्हावी असं मला वाटत होतं, ते मला ठाऊक होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते. ताई सुपारी कातरत होती.

"हे तीस दिवस कोणाचे वं?" तिनं विचारलं.

"महिन्याचे."

"अन् पेशंट बरा झाला म्हणजे?"

मी वहीकडे पाहिलं. डावीकडे बारा गुणिले तीस, एवढंच होतं.

बाबा एकदम हसत सुटले. "ऐकलं का वं," ते मायला म्हणाले, "हिच्या वहीत कोणी बरंच होत नाही! सारं नागपूर खाटेवर पाडलं हिनं!"

मायनं उठून पत्र्याची पेटी उघडली आणि ब्लाउजपिसांचा एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. पेशंट बरा झाला की घरचे लोक नर्सच्या हातावर नारळ आणि ब्लाउजपीस देऊन निरोप देत. नारळ आम्ही खाल्ले होते, कापडं मायनं जपली होती. मायला लिहितावाचता येत नव्हतं.

"मोज," ती म्हणाली.

सतरा निघाले, दीड वर्षातले.

ताईनं गठ्ठा पुढं ओढला. "हा निळा, टायफॉइडवाल्या नव्या नवरीचा. अठराव्या दिवशी तिनं खिचडी मागितली, तं सासू रडाले लागली. ह्याच्यानंतर मी नऊ दिवस घरी. हा आंब्याच्या रंगाचा, रेल्वेतल्या साहेबाचा. मी त्याले रोज चालवत होती, तं मले हवालदार म्हणे. ह्याच्यानंतर चार दिवस. अन् ह्या हिरव्याच्यानंतर पुरा महिना."

आम्ही हसत होतो, पण ती थांबली.

"पेशंट उठून बसला का मले लय आनंद होते. अन् घरी येता येता वाटते, आता पुढं काय? हे दोन्ही संगं मले नाही जमत."

बाबांचं हसू थांबलं. गिरणीत पक्के होण्याआधी ते कैक वर्षं बदलीवर होते, म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तरच काम. ते एवढंच म्हणाले, "जाय तू पारशिवनीले."

मग मला राहवेना. "ताई, मी माझ्या फीचा विचार केला होता."

"मले माहीत हाय. बुधवारपासून तू मले हातात पाणी आणून देऊन राहिली. कधी देते का?"

"अन् माझी सायकल पुसली!" बाबा म्हणाले.

मी इतकी लाजले की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी हसूही येत होतं. ताईनं कातरलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली. "पगार ठरल्या तारखेले होईल. अर्धी फी मी मनीऑर्डर करीन. अर्धी तू शिकवणी घेऊन भर. कॉलेज सोडाचं नाव काढशील, तं पारशिवनीहून येऊन मारीन."

होकाराचं पत्र मीच लिहिलं. खाडाखोड होऊन तीनदा लिहावं लागलं.

ताईला पोचवायला आम्ही सगळे एसटीनं गेलो, स्टोव्ह आणि अंथरूण मांडीवर घेऊन. परत आल्यावर मी गल्लीतल्या दोन मुलींना गणित शिकवू लागले. पुढच्या सत्राची फी घ्यायला सुरुवात झाली त्या दिवशी खिडकी उघडायच्या आधीच मी रांगेत उभी होते, एका मुठीत ताईचे पैसे, दुसऱ्या मुठीत माझे. एरवी शेवटच्या दिवशी दंड चुकवत धावत येणारी मी फीच्या खिडकीवरच्या कारकुनांना चांगलीच ठाऊक होते.

"काहून वं, आज पहिलीच?" चष्म्यावरून पाहत ते म्हणाले.

मी दोन्ही मुठी खिडकीत उघडल्या.